डाव्या सीटवरून

मोरेश्वर,

तू गेलास तेव्हा सगळ्यात आधी मला राग आला तो मांदेलीचा. रविवारी सकाळी "मांदेली घेऊन येतो, तू वाटण करून ठेव" म्हणून पिशवी घेऊन निघालास आणि बाजारात जनाच्या पाटीसमोर जो बसलास तो बसलासच. तुझी सख्खी बहीण समोर मासे विकत होती. तिला वाटलं, दादा नेहमीसारखा नाटक करतोय. मी इकडे मिरची-लसूण वाटत होते आणि मनातल्या मनात तुला बोलत होते, की गेला तिकडेच गप्पा छाटत बसला असेल. त्या वाटणाचं पुढे काय झालं, कोणी उचललं, मला आठवत नाही. घरात वास मात्र दोन दिवस होता असं सगळे म्हणाले. मला कुठला येतोय? माझं नाक हे असं, जन्माचं बंद.

तेरावं झालं. माझ्या माहेरचे बोरीवलीला परत गेले, तुझ्याकडचे खाडीकाठी आपापल्या घरी. मग मी मुलुंडला आपल्या गॅरेजचं शटर वर केलं. समोर ती करड्या रंगाची हायब्रिड गाडी बॉनेट उघडं टाकून उभी. बॅटरीच्या कडेला तुझा लांब स्क्रू-ड्रायव्हर तू ठेवलास तसाच आडवा. आणि मला आठवलं की आपलं भांडण अर्धं राहिलंय.

ते भांडण शनिवारचं. घाटकोपरच्या फिजिओथेरपिस्ट बाईंची गाडी. त्या घरोघरी जाऊन पेशंट बघतात, गाडीशिवाय त्यांचं पान हलत नाही. हायवेला लागलं की विक्रोळीच्या पुलापर्यंत गाडी शहाण्यासारखी चालते, आणि पूल चढताना इंजिन तापल्याचा लाल दिवा. बाजूला घेऊन थंड केली की पुन्हा काही झालंच नाही असं दाखवते. आधी एका वर्कशॉपने कूलंटचा पंप बदलून दिला होता. महिनाभर बरं, मग पुन्हा तोच दिवा. या गाडीतला पंप पट्ट्यावर फिरत नाही, विजेवर फिरतो. स्कॅनर लावला तर पंपाच्या सर्किटमध्ये दोष एवढंच सांगत होता. म्हणजे दोष पंपात असेल, नाहीतर पंपापर्यंत येणाऱ्या वायरीत.

म्हणजे तुझ्या हद्दीत, नाहीतर माझ्या.

आपल्या गॅरेजची हद्द पहिल्या दिवसापासून ठरलेली. पाणी आणि तेल तुझं, करंट माझा. गिऱ्हाईक आत येऊन "शेठ कुठे आहेत?" विचारायचं आणि गाडीचा वायरिंगचा लफडा सांगायला लागायचं, की तू हात पुसत म्हणायचास, "करंटचं मॅडमना विचारा. मी हात लावला तर मला ओरडतील." कितीतरी पुरुषांचे चेहरे तेव्हा बघण्यासारखे व्हायचे. काहीजण तरी तुझ्याकडेच बघून बोलत राहायचे, मग तू सरळ गाडीखाली शिरायचास. तू हे किती सहज करायचास. मला त्याचं काही विशेष वाटायचं नाही तेव्हा. आता दुकानात एकटी उभी राहिल्यावर कळतंय, की गाडीखाली शिरणं हे पण तुझं एक कामच होतं.

पण हा विजेवरचा पंप आला आणि आपली हद्द पुसली गेली. पाणी फिरवतो म्हणून तू म्हणणार माझा, करंटवर चालतो म्हणून मी म्हणणार माझा. शनिवारी तू पंपाचा प्लग काढलास, नाकाजवळ नेलास आणि एका क्षणात निकाल दिलास.

"पंप गेलाय."

"नवीन आहे रे तो."

"नवीन असला म्हणून काय झालं? आत पाणी शिरलंय. कूलंटचा गोड वास येतोय."

"तुला सगळ्यालाच वास येतो. आधी वायर बघू दे मला. नवीन पंप टाकून पुन्हा दिवा लागला तर त्या बाई आपल्याला काय म्हणतील?"

"बघ. वायर बघ, फ्यूज बघ, पत्रिका बघ. शेवटी पंपच काढणारेस."

मी तो प्लग हातात घेऊन टॉर्चखाली फिरवून बघितला. स्वच्छ होता. तुला दाखवला. तू म्हणालास, "डोळ्यांना नाय दिसणार." मग घाटकोपरच्या बाईंचा फोन आला, मग तुला भूक लागली, आणि मी म्हटलं, सोमवारी बघू. तू म्हणालास, "सोमवारी डाव्या सीटवर बसायची तयारी ठेव."

ही डावी सीट म्हणजे काय ते आपल्या दोघांनाच माहीत. जनाला मी परवा सांगितलं तेव्हा ती डोळे मोठे करून बघत राहिली.

आठवतं तुला? विक्रोळीच्या त्या कारखान्यात मी पॅनलच्या वायरिंगला होते आणि तू कंपनीची व्हॅन दुरुस्त करायला आलास. व्हॅनचा तापमानाचा काटा उगाच लालमध्ये जात होता. तू रेडिएटर उघडून बसलास. मी डबा खात खात सांगितलं, की पाणी ठीक आहे, सेन्सरची अर्थची तार सुटली असेल. तुझा विश्वास बसला नाही. बापाच्या बोटीवर वाढलेला तू, इंजिन तापलं म्हणजे पंपात खाडीचा चिखल, एवढंच तुला ठाऊक. मी हात घालून वायर घट्ट केली आणि काटा खाली आला. सगळे हसले. दुसरा कोणी असता तर चिडला असता. तू चावी माझ्यापुढे धरलीस. "जिंकलीस ना? मग तूच चालवून बघ." मी म्हटलं, मला येत नाही. तू म्हणालास, "मग मी बसतो बाजूला." आणि कारखान्याच्या आवारात, कामगारांच्या देखत, तू डाव्या सीटवर बसून मला पहिला गियर टाकायला शिकवलंस. मी स्टिअरिंगला लटकलेली, तू काट्यावर डोळा ठेवून. मी सारखी विचारत होते, "काटा?" आणि तू सांगत होतास, "मधे."

तेव्हापासून तो नियमच झाला. भांडणात जिंकेल त्याने टेस्टसाठी गाडी चालवायची, हरेल त्याने डाव्या सीटवर बसून काट्याकडे बघायचं आणि चालवण्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. पुढे काटे गेले, पडद्यावर आकडे आले, तरी आपलं विचारणं तेच राहिलं. "काटा?" "मधे." आपण लग्न केलं, गॅरेज टाकलं, लेकीला वाढवलं, तिला नोकरीसाठी बेंगळुरूला पाठवलं, आणि या सगळ्यात हवेत हात फिरवत "मधे" म्हणत राहिलो. लेकीच्या बारावीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा तू मला गंभीर चेहऱ्याने विचारलं होतंस, "काटा?" माझा रक्तदाब विचारत होतास, गधड्या.

माझ्या आईने तुला कधी मनापासून जावई म्हटलं ते मला ठाऊक आहे. लग्नाला ती नुसती उभी होती. कोळ्याच्या घरी मुलगी दिली म्हणून तिच्या भावांनी तोंडं फिरवलेली. तू पहिल्यांदा जेवायला आलास आणि दारातच थांबून म्हणालास, "आई, दूध नासतंय." ती चिडली. गॅसवरचं दूध वरून छान दिसत होतं. उकळी आली आणि फाटलं. आईने पातेल्याकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं, आणि त्यानंतर घरात काहीही आणलं की ती तुला हाक मारायला लागली. तूप, डाळ, पापड, सगळं तुझ्या नाकाखालून जायचं. तू ताजा मासा ज्या गंभीरपणे हुंगायचास त्याच गंभीरपणे तिचं मेतकूट हुंगायचास. आई गेली तेव्हा तू माझ्यापेक्षा जास्त रडलास.

तरी मी तुझ्या नाकावर गाडी सोडत नसे. वास मीटरवर दिसत नाही, आणि गिऱ्हाइकाला दाखवता येत नाही. तू म्हणायचास, "तुला दिसेल तेच खरं." मी म्हणायचे, "मोजता येईल तेच खरं." यावर आपण चहाचे किती कप रिकामे केले असतील कोण जाणे. भांडण मिटलं नाही कधी. मिटावं असं दोघांनाही वाटत नव्हतं, हे मात्र आपण एकमेकांना बोललो नाही.

तर परवा जना डबा घेऊन गॅरेजवर आली. मी गाडीपाशी नुसती उभी होते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या पद्धतीने तुकडा पाडला.

"वैनी, मोरूदादा बोलला ना पंप, मंग पंप. नवीन लाव न् गारी देऊन टाक. त्याचा शेवटचा शबुद राहील."

लेक पण फोनवर तेच म्हणाली. "आई, बाबा म्हणाले होते ना? टाक ना पंप, कशाला त्रास करून घेतेस?" दोघींचं प्रेमच होतं त्यात, मला कळत होतं. आणि मोह मलाही झाला. पंप मागवायचा, टाकायचा, तू जिंकलास म्हणायचं आणि शटर ओढून घरी जाऊन रडायचं.

पण मोरेश्वर, मग ते तुला दान दिल्यासारखं झालं असतं. इतकी वर्षं मी तुला एक भांडण फुकट दिलं नाही आणि तू मला दिलं नाहीस. तू मेलास म्हणून तुला जिंकू द्यायचं? तुला ते चाललं नसतं. मला तर मुळीच नाही. शिवाय मनातून मला भीती होती ती वेगळीच. दोष वायरीत निघाला तर? तर माझ्या हातून तुझा शेवटचा शब्द खोटा ठरणार होता, आणि तू उत्तर द्यायला नव्हतास. जनाला म्हटलं, "मी आधी वायर बघणार." ती म्हणाली, "बघ बाय, तुजा हट्ट." आणि स्टूल ओढून बसली.

मी माझ्या क्रमाने गेले. फ्यूज नुसता डोळ्यांनी नाही, मीटर लावून बघितला. चांगला. रिले हॉर्नच्या रिलेशी अदलाबदल करून बघितला, फरक नाही. पंपाच्या प्लगपाशी मीटरने बारा व्होल्ट दाखवले, पण त्यावर मी कधीच विश्वास ठेवत नाही. तुला शंभरदा सांगितलंय, की आतून कुजलेली, एका धाग्यावर तगलेली वायरसुद्धा रिकाम्या मीटरला बारा दाखवते. तिच्यावर भार टाकला की तिची लायकी कळते. म्हणून मी हेडलाइटचा जुना बल्ब पंपाच्याच दोन तारांना जोडला, एक पॉझिटिव्ह, एक अर्थ. तिसरी तार गाडीच्या कॉम्प्युटरकडून येते, पंपाने किती जोरात फिरायचं ते सांगणारी. तिला मी छोट्या पडद्याचं यंत्र लावलं. मग गाडी चालू केली, हायब्रिडचं इंजिन मध्येच थांबू नये म्हणून एसी लावला आणि तापायची वाट बघत बसलो, मी आणि जना.

बल्ब पेटलेला. पडद्यावर हुकमाच्या चौकोनी लाटा चाललेल्या. पंपाची बारीक घरघर ऐकू येत होती. तुझा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मी त्याचं टोक पंपाला लावलं आणि मूठ कानाला, तू करायचास तसं. खरंच ऐकू येतं रे. मी तुला इतकी वर्षं चिडवलं की डॉक्टर आले, डॉक्टर आले, पण कधी लावून बघितला नव्हता.

मला आता लिहायला लाज वाटत नाही, मी बल्बकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, मंद हो. मंद हो रे. म्हणजे दोष वायरीत. मग वाटलं, नको, लख्ख राहा. मला नक्की काय हवं होतं, मला कळेना. जनाने मध्येच विचारलं, "वैनी, पेटलाय ते बरं का वाईट?" मी म्हटलं, "माहीत नाही गं."

गाडी तापली. आणि कानाशी ती घरघर एकदा अडखळली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा अडखळली आणि बंद पडली. मी बल्बकडे बघितलं. लख्ख. जराही मंद नाही. पडद्यावर लाटा चालूच. म्हणजे करंट येत होता, अर्थ मिळत होती, हुकूम येत होता, आणि पंप उभा होता.

मी इंजिन बंद केलं. 

तरी पण तू मला ओळखतोस. मी प्लग काढला आणि जनाच्या नाकापुढे धरला. तिला काही सांगितलं नव्हतं.

"कसला वास येतो?"

तिने एकदाच हुंगलं, अगदी तुझ्यासारखं, डोळे बारीक करून. "गोड. खोकल्याचे औषधासारका."

प्लग अजून स्वच्छच दिसत होता. मग मी कान कोरायची कापसाची काडी घेतली आणि पंपाच्या बाजूला, रबराच्या रिंगच्या खाली, पिनेच्या मुळाशी घातली. बाहेर काढली तर कापूस गुलाबी. कूलंटचा गुलाबी. पंपाच्या आतलं सील गळत होतं आणि पाणी मोटरच्या बाजूला झिरपत होतं. थंड असताना कसंबसं चालत होतं, तापलं की बंद. त्या वर्कशॉपने टाकलेला नवा पंपच वाईट निघाला होता. तू प्लग हातात घेतल्याबरोबर जे सांगितलंस ते मला मोजायला अख्खी सकाळ लागली, आणि एक बल्ब, एक पडदा, एक कापसाची काडी आणि तुझी बहीण लागली.

मी हसायला लागले. जनाला वाटलं मला काहीतरी झालं. मी तिला ती काडी दाखवली आणि म्हटलं, "तुझा दादा जिंकला." मग आम्ही दोघी त्या बॉनेटवर डोकं टेकून रडलो. तेराव्याला मी रडले नव्हते, तुला सांगते.

नवा पंप दुसऱ्या दिवशी आला. तो बसवणं तुझं काम, मी केलं. बोल्ट तुझ्याच पान्याने आवळले. पाणी भरून हवा काढायची ती पण तुझ्यासारखीच काढली, वरचा पाइप हाताने दाबत, बुडबुडे संपेपर्यंत. जना टॉर्च धरून उभी होती. पाण्याचा गुळगुळ आवाज थांबला तेव्हा मला तुझं ते वाक्य आठवलं. मी बॅटरीच्या गाड्यांचा कोर्स करूया म्हणून तुझ्या मागे लागले होते आणि तू फुगून बसला होतास, "इंजिनच नाय तर मी काय करू? तुझा असिस्टंट होऊ?" मी म्हटलं होतं, अरे, बॅटरीलाही थंड करावं लागतं, तिथेही पंप आहे, पाणी आहे. तू मान वर करून म्हणालास, "म्हणजे पाणी आहेच ना?" आणि तुझा चेहरा असा काही खुलला. फॉर्म भरू म्हणालास पुढच्या महिन्यात. मी करणार आहे तो कोर्स. तुझी हद्द पण आता मलाच सांभाळायची आहे.

मग टेस्टची वेळ आली आणि मी चावी हातात घेऊन अडकले. नियम तर नियम. जिंकणाऱ्याने चालवायची. मी हरले होते, मला उजव्या सीटवर बसायचा हक्क नव्हता. मी गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेले, दार उघडून बसले, स्कॅनर मांडीवर घेतला. स्टिअरिंगपुढे कोणी नाही. बाहेर जना उभी. तिने आत वाकून बघितलं, रिकाम्या सीटकडे, मग माझ्याकडे. परवा सांगितलेलं तिला आठवलं असावं.

"दादाची सीट ना?" तिने हात ओच्याला पुसले. "थांब, मी चालवते. मलाबी त्यानेच शिकवलंय."

तुझी बहीण माशांचा टेम्पो चालवते तशीच ती गाडी चालवते. हॉर्नवर एक हात कायमचा. मुलुंडहून हायवेला लागताना तिने एका रिक्षावाल्याला असं काही ऐकवलं की तू असतास तर खिडकीतून तोंड बाहेर काढून हसला असतास. मी जीव मुठीत धरून बसले होते. पण चालवण्याबद्दल एक शब्द काढला नाही. नियम पाळला, मोरेश्वर.

भांडुप गेलं, कांजूर गेलं. डाव्या हाताला खारफुटी सुरू झाली, आणि मला माहीत होतं की पुढे विक्रोळीचा पूल आहे, जिथे दर वेळी लाल दिवा लागतो. पलीकडे कुठेतरी तो कारखाना, त्याचं ते आवार. जनाने हॉर्नवरचा हात काढला होता. तिने काच खाली केली होती, तिला खाडीचा वास येत असणार. गाडी पूल चढायला लागली. मी स्कॅनरवर डोळे लावून बसले. आकडा जिथे होता तिथेच राहिला. माथा आला, गेला, गाडी पलीकडे उतरायला लागली.

कोणी काही विचारलं नाही. जनाला ते विचारायचं असतं हे कुठे माहीत होतं?

मी उजवीकडे बघितलं आणि म्हटलं, "मधे आहे रे. मधेच आहे."